अल्फा कोर्स मराठी मंडळीत: व्हिडिओ फुकट मिळतो, सहायक घडवावा लागतो

ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारा अल्फा कोर्स घ्यायचा ठरला की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडील मंडळाच्या (निवडलेल्या पुढाऱ्यांच्या) बैठकीत पहिला विषय निघतो प्रोजेक्टरचा. मग स्पीकर, मग पडदा, मग वर्गणी. पाहुण्यांबरोबर, म्हणजे कोर्सला येणाऱ्या नवख्यांबरोबर, गटात कोण बसणार, हा विषय बैठक उठता उठता येतो आणि "बघू, कोणीतरी बसेल" म्हणून मिटतो. कोर्स फसायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून या परीक्षणात व्हिडिओबद्दल थोडं आणि गटात बसणाऱ्या माणसांबद्दल बरंच जास्त लिहिलं आहे.

ज्यांना हा कोर्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनमधल्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन मंडळीत १९७७ मध्ये चार्ल्स मार्नहॅम या तरुण पाळकाने नवविश्वासी लोकांसाठी चार आठवड्यांचे वर्ग सुरू केले. १९८१ पासून जॉन आयर्विन यांनी ते दहा आठवड्यांपर्यंत नेले आणि पवित्र आत्म्यावरचा शनिवार-रविवार त्यात घातला. १९९० मध्ये कोर्स निकी गंबेल यांच्या हाती आला. पाळकपणात येण्यापूर्वी ते बॅरिस्टर होते. जे लोक कधी चर्चची पायरी चढत नाहीत तेच इथे जास्त रमतात, हे त्यांनी ओळखलं आणि सगळी मांडणी त्यांना समोर ठेवून बदलली. १९९३ पासून इतर मंडळ्यांना तो वापरायला मिळू लागला. आज कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल असे सगळेच तो चालवतात.

संकेतस्थळावर मंडळीची नोंदणी केली की व्हिडिओ, मार्गदर्शिका, गटात पाहुण्यांबरोबर बसणाऱ्या सहायकांच्या प्रशिक्षणाचे भाग सगळं विनामूल्य मिळतं. खर्च उरतो तो जेवणाचा, छपाईचा आणि एका दिवसाच्या सहलीचा. एकच अट आहे. अल्फा हे नाव लावायचं तर विषयांचा गाभा आणि कोर्सचं स्वरूप बदलायचं नाही. उदाहरणं आपली घाला, पण चार विषय गाळून, तीन आपले घुसवून त्याला अल्फा म्हणायचं नाही. ही अट योग्यच आहे. बऱ्याच ठिकाणी पाचव्या आठवड्यापासून त्याचा नेहमीचा बायबल अभ्यास होऊन जातो आणि पाहुणे गळतात.

रचना साधी: जेवण, भाषण, गटचर्चा. ओळखीच्या संध्याकाळसह साधारण अकरा आठवडे आणि मधे पवित्र आत्म्यावर एक पूर्ण दिवस किंवा दोन. विषयांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. येशू कोण, तो का मेला, विश्वासाची खात्री कशी, प्रार्थना, बायबल, देव मार्ग कसा दाखवतो. मग पवित्र आत्मा. आणि त्यानंतर वाईटाचा प्रतिकार, इतरांना सांगणं, आरोग्यदान (प्रार्थनेने बरं होणं) आणि मंडळी. मंडळी हा विषय अगदी शेवटी ठेवण्यात शहाणपण आहे. पाहुण्याला आधी माणसं आपलीशी वाटतात, संस्था नंतर.

आपल्याकडे वेळापत्रक असं बसतं: सात वाजता दार उघडायचं, सव्वासातला पानं वाढायची, पावणेआठला स्वागत, आठला भाषण, साडेआठला चहा घेऊन गटात, सव्वानऊला बंद. चर्चा कितीही रंगली तरी बंद. पहिल्या आठवड्यात पावणेदहा वाजले तर दुसऱ्या आठवड्यात घरची परवानगी काढून आलेली बाई येत नाही. खेडेगावात रविवारची उपासना झाल्यावर दुपारी घेणं सोयीचं वाटतं, पण त्यात एक गोम आहे. संडे स्कूल आणि गायनमंडळ सांभाळून थकलेले लोकच सहायक असतात आणि दोन वाजता ते पेंगत असतात. मधल्या वारची संध्याकाळ जमत असेल तर तीच घ्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं तर गणपतीच्या आत आटोपतं. जानेवारीत सुरू केलं तर बारावी-दहावीच्या परीक्षा मधे येतात आणि आयांची हजेरी अर्ध्यावर येते.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नका. अनोळखी माणूस भाषणाआधी अर्धा तास ताटावर बोलतो, आणि त्या अर्ध्या तासात झालेली ओळखच पुढे गटात तोंड उघडायला लावते. दोन गट, म्हणजे चोवीस माणसं धरली, तर मिसळीला दीड किलो मटकी, तेवढंच फरसाण, दोन किलो कांदा आणि सहा डझन पाव पुरतात. पुलावाला अडीच किलो तांदूळ आणि दोन लिटर दह्याची कोशिंबीर. पहिले तीन आठवडे शाकाहारीच ठेवा. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार. संकष्टी आणि एकादशी कॅलेंडरमध्ये आधीच बघून त्या दिवशी शेंगदाणे, केळी, साबुदाणा खिचडी असं काहीतरी बाजूला ठेवा. उपासाच्या माणसाला "आज काहीच नाही का तुमच्यासाठी?" असं सगळ्यांसमोर विचारलं गेलं की तो अवघडतो आणि पुढच्या आठवड्याला निमित्त काढतो. वाढणारी मंडळी वेगळी आणि गटातली वेगळी ठेवा. ज्या सहायकाच्या हातात सारखा पळा आहे, तो पाहुण्याच्या शेजारी बसणार कधी?

आता व्हिडिओ. २०१६ साली आलेली चित्रफीत-मालिका देखणी आहे. निकी गंबेल यांच्याबरोबर टोबी फ्लिंट आणि जेमा हंट ती सादर करतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या तरुणांना ती जशीच्या तशी दाखवावी. युवकांसाठीची वेगळी मालिका तर त्याहून बरी, कारण तिच्यात मधे थांबून बोलायच्या जागा ठेवल्या आहेत. पण मराठी गटात इंग्रजी व्हिडिओ लावून शेजारी कोणी वाक्यावाक्याला भाषांतर करत असेल, तर अर्ध्या तासाचा भाग तासभर चालतो. विनोद दोनदा सांगितला जातो आणि दोन्ही वेळा पडतो. अशा ठिकाणी व्हिडिओ बंद ठेवा आणि मराठीत बोलणारा माणूस उभा करा. कोर्सने याला मुभा दिलेली आहे. वक्त्याने मूळ भाग दोनदा बघावा, त्याचे तीन-चार मुख्य मुद्दे कागदावर घ्यावेत आणि दाखले आपल्याकडचे शोधावेत. वेळ पंचवीस मिनिटं. घड्याळ वक्त्याच्या समोरच्या भिंतीवर हवं, पाठीमागच्या नको. ओवी किंवा अभंगाच्या चालीतलं एखादं मराठी ख्रिस्ती भजन चौथ्या आठवड्यापासून घ्या. पहिल्याच दिवशी टाळ्या वाजवून गायला लावलं की नवखा माणूस दाराकडे बघू लागतो.

आणि आता गट. कोर्सची सगळी ताकद इथे आहे.

बारा जणांचा गट: दोन गटप्रमुख, दोन सहायक, आठ पाहुणे. प्रशिक्षणात एकच गोष्ट परत परत सांगितली जाते, की इथे शिकवायचं नाही. आपल्या मंडळ्यांमधल्या अनुभवी माणसाला हे सगळ्यात जड जातं. समजा, दुसऱ्या आठवड्यात एक पाहुणा विचारतो, "सगळे देव शेवटी सारखेच ना? मग येशूच का?" जुना, कळकळीचा सहायक ताबडतोब बायबलमधलं योहान १४:६ (येशू म्हणतो, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे) उघडतो, मोठ्याने वाचतो आणि दहा मिनिटं समजावतो. उत्तर बरोबर असतं. पण पाहुण्याला त्याक्षणी उत्तर नको असतं. आपला प्रश्न इथे चालतो का, हे तो चाचपून बघत असतो. शिकलेला सहायक म्हणतो, "चांगला प्रश्न आहे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मग थांबतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. ती शांतता सोसत नाही, पण सोसायची. मग दुसऱ्याकडे वळतो, "तुम्हाला काय वाटतं, ताई?" अर्ध्या तासात चार जण बोललेले असतात आणि योहानाचं वचन कदाचित त्यांच्यातलाच कोणीतरी आणतो. नाहीच आणलं तरी चालतं. पुढच्या आठवड्यात "येशू का मेला" हा विषय आहेच.

गटाची मांडणी करताना या गोष्टी आधी ठरवा, नंतर दुरुस्ती होत नाही.

पाळक कोणत्याही गटात नको. पाळकसाहेब समोर बसले की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतात आणि प्रश्न सभ्य होतात. त्यांनी जेवणात मिसळावं, भाषण करावं आणि चर्चेच्या वेळी बाहेर थांबून प्रार्थना करावी. वडील मंडळातले निवृत्त शिक्षक हे दुसरं संकट. माणूस सोन्यासारखा, पण पंचेचाळीस मिनिटांपैकी तीस त्यांची. त्यांना वक्ता करा. सासू-सून, बाप-लेक, नवरा-बायको वेगळ्या गटात बसवा. सासू समोर असताना सून येशूबद्दलही बोलत नाही आणि स्वतःबद्दल तर नाहीच. प्रत्येक गटात निदान एक बाई सहायक असलीच पाहिजे आणि तिने ताटं उचलायला मधेच उठायचं नाही, हे आधी सांगून ठेवावं. खुर्च्या गोल, मधे टेबल नको, पंख्याचा आवाज कमी. गटप्रमुख आणि सहायक शेजारी-शेजारी बसू नयेत. समोरासमोर बसले तर कोण बोलायचं राहिलं, ते नजरेने एकमेकांना सांगता येतं.

पाहुण्यांना बोलावताना हा ख्रिस्ती श्रद्धेबद्दलचा कोर्स आहे, हे पत्रिकेवर स्पष्ट छापा. 'व्यक्तिमत्त्व विकास' असं गोड नाव लावून बोलावणं अप्रामाणिक आहे आणि दुसऱ्याच आठवड्यात उघडं पडतं. कोणी तिसऱ्या आठवड्यात यायचं थांबलं तर एक साधा फोन करा, "तुमची आठवण आली" एवढाच. पाठपुरावा नको. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस मंडळीत मानाने बसू शकतो ही कल्पना काही लंडनहून आलेली नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. आपल्याच अंगणातली ही गोष्ट आपण विसरलो आहोत, याचं वाईट वाटतं.

पुढारी घडवण्याच्या दृष्टीने हा कोर्स फार मोलाचा आहे. आपल्याकडे पुढारीपण कसं मिळतं? वय, घराणं, शिक्षण, नाहीतर निवडणूक. अल्फामध्ये वेगळी शिडी आहे. या वेळचा पाहुणा पुढच्या वेळी सहायक, त्याच्या पुढच्या वेळी गटप्रमुख, मग अख्ख्या कोर्सचा समन्वयक. सहा महिन्यांपूर्वी जो स्वतः शंका घेऊन बसला होता त्याला दुसऱ्याची शंका लवकर कळते. पौलाने २ तीमथ्य २:२ मध्ये ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव आणि तेही पुढे शिकवतील असं म्हटलं आहे. तिथे पौलापासून चार पिढ्या मोजता येतात. वर्षातून दोन कोर्स घेणाऱ्या मंडळीत दोन वर्षांत तिसऱ्या पिढीचे गटप्रमुख उभे राहू शकतात. अट अशी की प्रत्येक वेळी निदान एक सहायक नवा असला पाहिजे. तीच चार भरवशाची माणसं दर वेळी वापरली, तर कोर्स छान होतो आणि पुढारी एकही तयार होत नाही.

त्यासाठी कोर्सच्या दर संध्याकाळी दोन छोट्या बैठका लागतात आणि नेमक्या त्याच गाळल्या जातात. सव्वासहाला सगळ्या सहायकांची पंधरा मिनिटं: नावं घेऊन प्रार्थना आणि आजचा विषय. सव्वानऊनंतर दहा मिनिटं: कोण गप्प होतं, आपल्यापैकी कोण जास्त बोललं. हा दुसरा प्रश्न समन्वयकाने प्रेमाने पण न टाळता विचारायचा. शिष्यत्व खरं या दहा मिनिटांत घडतं. कोर्स सुरू होण्याआधीची दोन प्रशिक्षण सत्रंही, एक गट कसा चालवायचा आणि एक मधल्या दिवसासाठी प्रार्थना कशी करायची, वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सहायकांनाही सक्तीची ठेवा.

पवित्र आत्म्याचा दिवस सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर येतो. मुक्कामी शिबिर इंग्लंडमध्ये सोपं असेल, आपल्याकडे बायकांना रात्र बाहेर काढणं अवघड जातं. शनिवार नऊ ते पाच पुरेसा आहे. तीन भाषणं: पवित्र आत्मा कोण, तो काय करतो, त्याने भरून कसं जायचं. दुपारी जेवणानंतर दोन तास मोकळे ठेवा आणि त्यात कार्यक्रम कोंबू नका. शेवटी प्रार्थना. प्रशिक्षणात सांगितलेलं इथे अक्षरशः पाळा: पुरुषांसाठी पुरुषांनी, बायकांसाठी बायकांनी, दोघादोघांनी, हळू आवाजात. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारायचं. रडू आलं तर पाणी आणि रुमाल द्यायचा, आवाज वाढवायचा नाही. आजारी माणसाला औषध बंद करायला कोणीही, कधीही सांगायचं नाही.

इथेच मंडळ्यांचे मतभेद येतात. कोर्सचा कल करिष्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारा आहे. अन्य भाषांमध्ये (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) बोलण्याबद्दल तो मोकळेपणाने बोलतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एखाद्या जुन्या मंडळीत यावर भुवया उंचावतात, आणि पेंटेकॉस्टल मंडळीला हेच फार मवाळ वाटतं. दुसरीकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना फार थोडी जागा आहे. वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामाने (पॅरिशने) घेतला तर संस्कारांची शिकवण फादरांना नंतर स्वतंत्र द्यावी लागेल. ज्यांना हा कल नकोच आहे त्यांनी लंडनच्याच ऑल सोल्स, लँगहॅम प्लेस या मंडळीत रिको टाइस यांनी तयार केलेला 'क्रिश्चॅनिटी एक्सप्लोर्ड' बघावा. तो मार्काच्या शुभवर्तमानावर उभा आहे, सात आठवड्यांचा आहे आणि पाप व पश्चात्ताप यांवर जास्त थांबतो. शास्त्र उघडून बसणाऱ्यांना तो आवडतो. पण मोकळेपणाने बोलणारा, प्रश्न झेलणारा सहायक घडवण्यात अल्फा पुढे आहे.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. कोर्स लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लंडनचा एकटा राहणारा, नोकरी करणारा, देवाबद्दल उदासीन तरुण होता. आपल्याकडे देवाबद्दल उदासीन माणूस विरळा. इथले प्रश्न असतात: घरच्या पूजेला बसायचं का, प्रसाद नाकारला तर आईला काय वाटेल, बहिणीचं लग्न मोडेल का, स्मशानात काय करायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात. मंडळीत आल्यावरही लग्न जुळवताना आतल्या आवाजात 'तुमचे मूळचे कोण?' विचारलं जातं. या कोर्समध्ये जातीवर एकही संध्याकाळ नाही. पाहुणा ते दहाव्या आठवड्यापर्यंत विचारत नाही, पण सगळं बघत असतो. जेवायला कोण कोणाशेजारी बसतं, तेही. "मंडळी" या विषयाच्या भाषणात यावर प्रामाणिकपणे बोला. बोलणाऱ्यानेच तो भेद घरी पाळला असेल तर मात्र दुसरा वक्ता घ्या.

शेवटी गळती. अकराव्या आठवड्याला सगळे हात मिळवतात, फोटो काढतात आणि पुढच्या मंगळवारी कुलूप. अल्फा दार उघडतो. त्याच्यापुढचं चालणं, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी, क्षमा करणं, दशांश (कमाईचा दहावा भाग देणं), घरच्यांशी वागणं, हे त्यात नाही आणि असल्याचा दावाही कोर्स करत नाही. त्यामुळे नवव्या आठवड्यातच पुढची तारीख जाहीर करा. तोच गट, तोच वार, तीच वेळ, तेच सहायक. मार्काचे सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर चार महिने. जेवणाऐवजी चहा-बिस्किट. गट मोडून लोकांना नेहमीच्या प्रार्थनासभेत "पाठवलं" की निम्मे वाटेत हरवतात, कारण तिथे प्रश्न विचारायची सवय नसते आणि त्यांना ती नुकती लागलेली असते. सोळा आठवड्यांत तिघातिघांचे छोटे गट करा. आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करायचा आणि काय वाचलं, कुठे अडलं, कोणाशी भांडण मिटवायचं राहिलं, एवढं विचारायचं.

पुढच्या कोर्ससाठी सहायक निवडताना चांगलं बोलणाऱ्यांवर नजर ठेवू नका. कोण लवकर येऊन खुर्च्या लावत होतं, गप्प बसलेल्या पाहुण्याच्या शेजारी जाऊन कोण बसत होतं, कोणाला आठव्या आठवड्यात सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ होती, ते बघा. त्या दोघा-तिघांची नावं समन्वयकाच्या वहीत दहाव्या आठवड्यापर्यंत लिहिलेली असावीत आणि त्यांना विचारायला पाळकांनी स्वतः त्यांच्या घरी जावं.